हवालदारानं मागितलेली जागा

माजी सैनिक कर्जाला आला आहे, हे मला मान वर न करताही कळायचं. शटर वर जायच्या आधी तो पायरीवर उभा असायचा. बूट चकचकीत, हातात प्लास्टिकची फाईल, आणि समोर आला की खुर्चीत बसायच्या आधी विचारणार, “बसू का मॅडम?” आमच्या शाखेत बसायची परवानगी मागणारं दुसरं कुणीच नव्हतं. बाकीचे आधी बसायचे, मग मोबाईलवरचं बोलणं संपवायचे, आणि मग इथे कर्ज कोण बघतं म्हणून मलाच विचारायचे.

नगरमधल्या एका बँकेत नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी गृहकर्जाच्या टेबलावर काढली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं, वाचकांनी सांभाळून घ्यावं. संपादकांनी ‘बँकेतले अनुभव लिहा’ म्हटल्यावर आमच्या घरी हशा पिकला. आमचे हे म्हणाले, कर्जाच्या टेबलावर कसले अनुभव, नुसते कागद. हे शिक्षक होते, त्यामुळे अनुभव फक्त शाळेत येतात अशी त्यांची समजूत आहे. म्हणून मुद्दाम लिहायला बसले आहे, आणि लिहिणार आहे ते फौजी लोकांबद्दल, कारण या टेबलावर माझा सगळ्यात जास्त जीव त्यांच्यातच अडकला.

आमच्या जिल्ह्यात गावोगाव दोन-चार घरं तरी फौजेची असतात. पोरगा भरतीला पळतो, निवडला जातो, आणि चाळिशीच्या आसपास पेन्शन घेऊन घरी येतो. त्या वयात आमचे कारकून पहिल्या बढतीची वाट बघत असतात. बँकेच्या नजरेनं असा माणूस म्हणजे सोनं. पेन्शन सरकारी, दरमहा न चुकता येणारी आणि जन्मभर चालणारी. वय कमी, म्हणून परतफेडीला लांब मुदत देता येते. पुष्कळ बँका माजी सैनिकांना प्रक्रिया शुल्क माफ करतात, काही व्याजातही थोडी सूट देतात. घर बांधून झालं की सैनिक कार्यालयाचा दाखला दाखवून घरपट्टीची सवलत मागता येते. हे शेवटचं बऱ्याच जणांना ठाऊकच नसायचं. मी सांगितलं की त्यांना वाटायचं, बाई पदरची सूट देतायत, आणि पुढच्या वेळी त्यांच्या फौजी कॅन्टीनमधून, म्हणजे स्वस्त मालाच्या दुकानातून, माझ्यासाठी बिस्किटांचा डबा यायचा. तो परत करताना माझी फार ओढाताण व्हायची, कारण ती बिस्किटं मला आवडतात.

पात्रता काढायची रीत तशी सोपी आहे. पेन्शनीतून घरखर्चाला पुरेसं बाजूला ठेवायचं आणि उरेल त्यात हप्ता बसवायचा. पण निवृत्त होताना बहुतेक जण पेन्शनीचा काही हिस्सा ‘विकतात’, म्हणजे पुढच्या वर्षांची तेवढी रक्कम एकदम उचलतात. मग हातात येणारी पेन्शन कमी होते आणि कर्जही कमी मिळतं. हे समजावताना माझा घसा बसायचा. दुसरी गोष्ट बायकोच्या सहीची. कर्जावर ती सहकर्जदार म्हणून लागते. नवऱ्याच्या माघारी तिला कुटुंब पेन्शन मिळते, ती कमी असते, आणि हप्ता तिलाही पेलायला हवा. म्हणून दोघांना समोर बसवून मला विचारावं लागायचं, “उद्या हे नसले तर?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न सहजपणे विचारणं मला काही जमलं नाही. नवरे शांतपणे ऐकून घ्यायचे, त्यांना तो प्रश्न नवा नव्हता. बायका मात्र टेबलाच्या कडेवर बोट घासत बसायच्या. सोनईकडची एक बाई सगळं ऐकून म्हणाली, “म्हंजे वीस वर्सं हप्ता भरायचा?” मी म्हटलं, हो. “मंग वीस वर्सं ह्यांना आता कुटं जाता येनार न्हाई ना?” मी म्हटलं, बँक सोडायची नाही त्यांना. त्यावर तिनं पुढचं काही न विचारता सही केली. व्याज किती, हेसुद्धा विचारलं नाही. इतक्या आनंदानं कर्ज घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

सगळ्यांनाच असं हसत पाठवता यायचं नाही. राहात्याकडून एक जुने नाईक आले होते, सत्तरीला टेकलेले. फौजेनंतर साखर कारखान्यावर पहारेकरी म्हणून राहिले, पोरांची लग्नं केली, आणि आता कुठे स्वतःसाठी दोन खोल्या बांधाव्यात असं त्यांच्या मनात आलं होतं. आमच्याकडे पंचाहत्तरीच्या आत कर्ज फिटायला हवं असा नियम. मुदत इतकी आखूड की हप्ता पेन्शनीच्या डोक्यावरून जायचा. ते म्हणाले, “पेन्शन जल्मभर हाय म्हनता, मंग कर्ज का न्हाई?” याला उत्तर म्हणून मी नुसतं परिपत्रक पुढे केलं. मुलाला सहकर्जदार करून घ्या म्हटलं, तर ते नुसते हसले आणि उठले. जाताना मला कडक सलाम करून गेले. नकार देऊन वर सलाम घ्यायचा, याचं मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

पण वय बसलं, पेन्शन बसली, तरी आमच्याकडे गाडी अडते ती जागेवर. घर ज्या जागेवर बांधायचं ती बँकेला गहाण द्यावी लागते, आणि गहाण द्यायची तर ती कर्जदाराच्या नावावर हवी. फौजी माणसाची पंचाईत इथेच होते. बाप गेला, वारसांची नावं लागली, गावठाणाची मोजणी झाली, तेव्हा हा कुठेतरी बर्फात उभा असतो. मोजायला आलेला माणूस दारात जो उभा असेल त्याचं नाव लिहून निघून जातो. त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. दोघं भाऊ एका ताटात जेवत असले की नाव कुणाचं याकडे कुणी बघत नाही.

हवालदार अंकुश ढगे यांचं असंच झालं होतं. कर्जत तालुक्यातलं गाव. निवृत्त होऊन वर्षही झालेलं नव्हतं. त्यांची फाईल आमच्या नव्या अधिकाऱ्यांना नमुना म्हणून दाखवावी अशी होती. पेन्शन त्यांनी थोडीच विकली होती. मी हिशेब करून सांगितलं, हवं तेवढं कर्ज बसतं. ते खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले आणि म्हणाले, “ठीक है मॅडम.” मग जागेचा कागद पुढे आला. गावात जुनं घर, त्याच्या मागे मोकळं परसू, तिथे घर बांधायचं. गावठाण ड्रोननं मोजलं तेव्हा आलेल्या मालमत्ता पत्रकावर नाव एकच होतं, रंगनाथ ढगे. थोरला भाऊ. आईवडील गेलेले, बहीण नाही, हे दोघंच.

मी म्हटलं, एवढंच ना? आमचे वकील सांगतात तसं भावानं परसाचा तुकडा मोजून तुमच्या नावे बक्षीसपत्र करून द्यायचं, ते रजिस्टर करायचं, की झालं. हवालदारांनी फाईल मिटली.

“दादाला सही मागायची?”

“हो. दुसरा मार्ग नाही.”

“ते न्हाई जमायचं, मॅडम.”

मी विचारलं, ते नाही म्हणतील का? तर म्हणाले, दादा नाही म्हणणारच नाहीत, अडचण तीच आहे. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. यांनी नोकरीभर घरी पगार पाठवला, त्याचं काय केलं हे कधी विचारलं नाही. भावानं यांची बायकापोरं सांभाळली, ते कधी बोलून दाखवलं नाही. “आमच्यात मागायची रीतच न्हाई,” ते म्हणाले. “आता मी कागद घिऊन म्होरं हुबा ऱ्हायलो, तर त्यांना वाटंल, धाकट्याचा माझ्यावर भरोसा न्हाई.” सरहद्दीवर उभं आयुष्य काढलेला हा गडी स्वतःच्या ओसरीवर जायला घाबरत होता. मला हसूही येईना आणि रागावताही येईना.

पंधरा-वीस दिवसांनी ते परत आले ते वेगळाच कागद घेऊन. नगरच्या बाहेर एक वसाहत होत होती, तिथला प्लॉट. मंजूर आराखडा, स्वच्छ कागद, आजूबाजूला पाच-सहा माजी सैनिकांचीच घरं, दवाखाना आणि कॅन्टीन जवळ. मालकाला महिनाअखेर बयाणा द्यायचा होता. भावाला काही मागायला नको, काही सांगायलाही नको. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. अशी फाईल टेबलावर आली की आमचा दिवस चांगला जातो. फक्त बायकोची सही राहिली होती. मी म्हटलं, घेऊन या त्यांना.

मंदाबाई आल्या. उन्हात रापलेला चेहरा, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात कापडी पिशवी. त्या खुर्चीत बसल्या त्या कडेला नाही, चांगल्या मागे टेकून. हे पाहूनच मला कळायला हवं होतं. मी नेहमीचं सगळं सांगितलं, मुदत, हप्ता, कुटुंब पेन्शन, आणि शेवटी विचारलं, उद्या हे नसले तर?

“तेच म्हनते मी,” त्या म्हणाल्या. “हे नसले तर मी नगरात कुनाच्या दारात बसू? मी सही करनार न्हाई.”

हवालदार एकदम म्हणाले, बाहेर चल, बोलू. त्या हलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं आणि नवरा तिथे नसल्यासारखं बोलायला लागल्या. गाव यांना वर्षातले दोन महिने, मला मात्र बारा महिने होतं, म्हणाल्या. धाकट्या पोराच्या वेळी मी अडले तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी रातोरात गाडी जुंपायला लावली. पोरांच्या शाळेत बाप म्हणून थोरले भावजी उभे राहिले. “आन् एक सांगते मॅडम. घरातला फोन वाजला, नंबर वळखीचा नसला, तर भावजी कुनाला उचलू द्यायचे न्हाईत. सोता उचलायचे. वाईट कळायचं असंल तर आदी आपल्याला कळावं म्हनून. मला हे जाऊबाईंनी सांगितलं, लई वर्सांनी. त्यांना न सांगता नगरात घर बांधायचं? ते चोरून पळून गेल्यावानी हुतं.”

हवालदार खाली बघत होते. फोनची गोष्ट त्यांना माहीत नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बाईंची सही नसेल तर कर्ज नाही, आणि गावची जागा हवी तर भावाकडे मागायला हवी. दोन्ही बाजूंनी ते कोंडले होते. मी फाईल ड्रॉवरमध्ये ठेवली आणि म्हटलं, दोघांनी घरी जाऊन विचार करा. दुसरं मी काय म्हणणार?

दोन दिवसांनी मंदाबाईंचा फोन. “मॅडम, तुमी जागा बघाया या. बँकेची मानसं जागा बघत्यात, व्हय ना? मंग कुनी काय म्हनत न्हाई. त्यातनं बोलनं निघंल.” आमच्याकडे जमिनीच्या, सोयरिकीच्या बोलण्याला मध्ये कुणीतरी लागतं. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, तिसऱ्याशी बोलतात आणि एकमेकांना ऐकवतात. तो तिसरा माणूस म्हणजे मी, हे बाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आमचे शाखाधिकारी कुरकुरले, ज्या जागेचा अर्जच नाही तिची पाहणी कसली? मी म्हटलं, त्याच रस्त्याला दुसरी एक पाहणी आहे, वाटेत उतरते. ती पाहणी पुढच्या आठवड्यातली होती, ती मी अलीकडे ओढली.

ढग्यांचं घर साधं, पत्र्याचं, पण शेणानं सारवलेलं अंगण नीटनेटकं होतं. रंगनाथ ढगे म्हणजे अंकुशचीच मूर्ती, पण उन्हानं आणि कामानं वाळलेली. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. “या म्याडम,” म्हणून ओसरीवर घोंगडी टाकली. जाऊबाईंनी चहा आणला. मी म्हटलं, मागची जागा बघते. ते मला घेऊन मागे गेले, हवालदार आमच्या चार पावलं मागून. परसू स्वच्छ झाडलेलं होतं. गंमत म्हणजे यांची स्वतःची जनावरं बाजूच्या बोळात दाटीवाटीनं उभी होती, आणि ही मोठी जागा रिकामी. मी विचारलं, इथे गोठा का नाही बांधला?

“धाकट्याची जागा हाय ती,” ते म्हणाले. इतक्या सहज, की मला पुढचं बोलायला जड गेलं.

पण मी आले होते त्यासाठीच. मी सांगितलं, कागदावर ही जागा तुमच्या एकट्याच्या नावावर आहे, बँकेला ती यांच्या नावावर लागेल, त्यासाठी तुमची सही लागेल. रंगनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग वळून भावाकडे, आणि सांगायला लागले. मोजणीवाला आला तेव्हा त्यानं विचारलं, घरात कोण? मी म्हटलं, मी हाय. त्यानं लिहिलं. त्यात काय एवढं? असं ते मला म्हणाले, पण ते सगळं भावाला ऐकवण्यासाठी होतं. मग म्हणाले, “आमचा अंकुश बँकेत गेल्ता तर. आन् नगरात प्लॉट बघितला, तेबी गावात कळलं. बँकेत जायच्या आदी त्याला ह्या वसरीवर येता आलं न्हाई?”

हवालदार उभे होते तसेच राहिले. हात पाठीमागे, नजर समोर. वरिष्ठ रागावला की फौजेत कसं उभं राहायचं ते त्यांना शिकवलेलं होतं, थोरला भाऊ रागावला की काय करायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, रंगनाथराव, सही द्याल ना? ते म्हणाले, “त्यानं मागितली तर दीन. बँकेनं मागितली तर न्हाई.” आणि टॉवेल झटकून जनावरांकडे निघून गेले. त्यांचा चहा ओसरीवर तसाच राहिला.

येताना गाडीत मी स्वतःवरच चिडले होते. मध्यस्थी करायला गेले आणि भिंत होती त्यापेक्षा उंच करून आले, असं वाटत होतं. मंदाबाई गाडीपर्यंत आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून शेवग्याच्या शेंगा काढून माझ्या मांडीवर ठेवल्या आणि परत गेल्या. महिनाअखेर जवळ येत होती. प्लॉटवाल्याचे मला दोन फोन येऊन गेले, पार्टीचं काय झालं म्हणून. मी म्हटलं, पार्टीलाच विचारा.

मग एका सकाळी, बँक नुकती उघडली होती, हवालदारांचा फोन आला.

“मॅडम, मागितली.”

“मग? काय म्हणाले?”

“शिव्या दिल्या.”

“बरं. मग?”

“मंग म्हनले, कर्जतला कदी जायाचं.”

हे कसं घडलं ते मला मंदाबाईंकडून कळलं. हवालदार पहाटे उठून भावाबरोबर गोठ्यात गेले. शेण काढलं, वैरण टाकली, धारा होईपर्यंत बादली धरून उभे राहिले, आणि शेवटी म्हशीकडे बघत बोलले, दादा, मला मागची जागा दे. थोरल्यानं पोटभर शिव्या दिल्या. जाऊबाई चुलीपुढून ऐकत होत्या, त्या मंदाबाईंना म्हणाल्या, आता झालं, शिव्या दिल्या म्हणजे मिटलं. प्लॉटवाल्याला मी त्याच दिवशी फोन करून कळवलं, आणि अशी स्वच्छ फाईल हातची गेल्याचा आनंद मला नोकरीत पहिल्यांदा झाला.

कर्जतच्या दुय्यम निबंधक कार्यालयात माझं दुसऱ्या एका खातेदाराच्या गहाणखताचं काम होतं. ढग्यांचा दस्तही मी त्याच दिवशी ठेवायला सांगितला. काही अडलं तर जवळ असावं, एवढाच हेतू. दोघं भाऊ, दोघी जावा आणि गावातले दोन साक्षीदार आले. रंगनाथरावांनी धुवून इस्त्री केलेली टोपी घातली होती. हवालदार नेहमीप्रमाणे वेळेच्या आधी हजर होते. बाकड्यावर दोघं भाऊ शेजारी बसले, एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत, पण तंबाखूची डबी एकीकडून दुसरीकडे गेली आणि परत आली.

ज्यांनी कधी दस्त केला नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे तुमचा नंबर आला की अधिकारी समोर उभं करून विचारतात, सही तुमचीच का, समजून केली का, कुणाची जबरदस्ती नाही ना. मग बोटाचा ठसा घेतात आणि कॅमेऱ्यासमोर बसवून दोघांचा फोटो काढतात, तो दस्तावर छापला जातो. बक्षीसपत्र असलं की काही अधिकारी आणखी एक विचारतात, कारण बक्षीस म्हणजे फुकट दिलेलं. बदल्यात काही घेतलं असेल तर ते बक्षीस राहत नाही, विक्री होते. माणसं या प्रश्नाला मान हलवून नाही म्हणतात आणि पुढे सरकतात. त्यात कुणी काही बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशीचे अधिकारी तरुण होते, सकाळपासूनच्या गर्दीनं वैतागलेले. त्यांनी कागदावरून नजर न काढता रंगनाथरावांना विचारलं, सही तुमचीच? व्हय. समजून केली? व्हय. जबरदस्ती? न्हाई.

“बदल्यात काही घेतलं का?”

“घेतलं,” रंगनाथराव म्हणाले.

दस्तासाठी आलेले आमचे वकील चपापले. मी बाकड्यावरून उठले. एवढं सगळं करून दस्त आता इथे अडणार. अधिकाऱ्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. म्हणाले, बाबा, घेतलं असेल तर हे बक्षीसपत्र होणार नाही. नीट सांगा, काय घेतलं?

रंगनाथरावांनी टोपी काढून हातात घेतली.

“एवढी वर्सं ह्यो तिकडं हुता, सायेब. कवा काय कळंल त्याचा नेम नव्हता. ह्यो जित्ता घरी आला. ते घेतलं. आता तुमच्या कागदात काय बसतंय ते तुमी लिवा.”

अधिकाऱ्यांनी दस्त कारकुनापुढे सरकवला आणि हलक्या आवाजात कारकुनाला म्हणाले, “लिही. काही घेतलं नाही.” आणि रंगनाथरावांना म्हणाले, “टोपी घाला बाबा, फोटो काढायचाय.”

त्यांचा फोटो एका झटक्यात निघाला. हवालदारांचा मात्र निघेना. कॅमेऱ्यावरचा मुलगा म्हणत होता, साहेब, वर बघा, साहेब, इकडे बघा, आणि ते वर बघू शकत नव्हते. शेवटी थोरल्यानं मागून येऊन त्यांच्या हनुवटीखाली हात घातला आणि तोंड वर धरलं. तो हात काही फोटोच्या बाहेर राहिला नाही. दस्त पुढे गहाण म्हणून आमच्याकडे आला. कागदपत्रं तपासताना माझ्या हाताखाली नुकतीच आलेली मुलगी म्हणाली, मॅडम, या फोटोत दुसऱ्याच कुणाचा तरी हात आलाय, दस्त परत करून आणायला सांगू का? मी म्हटलं, राहू दे, तो हात बरोबर आहे.